डेल्मर स्टिडमची अंगठ्याएवढी क्लिप

डेल्मर स्टिडमच्या दुकानात मी एकोणीस वर्षं चामडं शिवलं. माझा नवरा खाणीत दगावला, त्यानंतर दोन महिन्यांनी डेल्मर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नेव्हा, तुला गोधड्या शिवता येतात, म्हणजे चामडंही येईल." येत नव्हतं. पहिल्या महिन्यात माझ्या बोटांची चाळण झाली आणि मी बिघडवलेली शिवण तो सकाळी मी यायच्या आत उसवून ठेवायचा. त्यावर एक शब्द बोलला नाही. गोड बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आणि त्यांच्यापासून चार हात लांबच राहिले. डेल्मर गोड बोलत नसे, म्हणून मी टिकले.

आम्ही होल्स्टर करायचो. पिस्तूल कमरेला, कपड्याच्या आत, कुणाच्या नजरेला येणार नाही असं बाळगायचं तर त्याला एक चामड्याचं म्यान लागतं, ते. आमच्या पॉपॉ फोर्कच्या घळीत 'तुझ्याकडे पिस्तूल आहे का' असं कुणी कुणाला विचारत नाही. 'तुला दात आहेत का' असं विचारल्यासारखं होईल ते, आणि खरं सांगायचं तर दात कमी जणांना आहेत.

गिऱ्हाईक आलं की चामड्यावरून हात फिरवायचं, माझ्या टाक्यांचं कौतुक करायचं. डेल्मर मात्र होल्स्टर उलटं करून मागची क्लिप दाखवायचा. "चामडं कुणीही शिवेल," असं माझ्या तोंडावर म्हणायचा. "सगळा जीव या क्लिपमध्ये." पिस्तूल उपसलं की ते एकटं हातात यायला हवं, म्यान कमरेलाच राहायला हवं. वाकलं, बसलं, पळालं, ओढा ओलांडला, तरी ते जागचं हलता कामा नये. ही क्लिपची कामं. लोकांना त्यावर आणखी एक हवं असतं. ती दिसायलाही नको असते. पट्ट्यावरून काळी पट्टी डोकावली की ज्याला कळायला नको त्याला कळतं. "आधी धरणं, मग लपणं," हे डेल्मरचं ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाइकानं नाजूक क्लिप मागितली की तो सरळ सांगायचा, "लपवायचंच असेल तर घरी ठेव."

नवी क्लिप आली की तो ती स्वतःच्या कमरेला लावून बघायचा. रिकामं पिस्तूल चाळीस वेळा उपसायचं, चाळीस वेळा वाकायचं. चाळीसच का, ते त्यालाच माहीत. रस्त्यावरून जाणारे खिडकीतून बघून ओरडायचे, "काय ब्रदर डेल्मर, कोंबडीसारखे दाणे टिपतोयस का?" तो मान वर न करता मोजत राहायचा.

त्याची बायको लवकर गेली. मुलगी एकच, ट्रेसा. ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी नर्स होती. एका घळीतून दुसऱ्या घळीत, दिवसाला सात-आठ घरं. तिनं लग्न केलं ते रँडलशी, आणि ते लग्न मोडताना तिचं मनगटही मोडलं. रँडलनं तिच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. रँडल त्या हुकमाच्या हद्दीबाहेर दहा पावलांवर गाडी लावून बसायचा. घळीच्या तोंडाशी, चर्चच्या मैदानापलीकडे, जिथं ट्रेसाला जायचं असेल तिथं. बोलायचा नाही, नुसता बसून असायचा. एकदा तिच्या गाडीची काच फुटली, आत ठेवलेला तिचा कोट गेला. कुणी नेला ते सिद्ध झालं नाही.

डेल्मरनं तिला एक लहानसं पिस्तूल दिलं आणि बजावलं, "गाडीत ठेवायचं नाही. अंगावरून काढायचं नाही. अंगावरून उतरलेलं पिस्तूल दुसऱ्याचं होतं."

अडचण कपड्यांची होती. नर्सचे कपडे म्हणजे नाडीची निळी विजार आणि वर सैल सदरा. पट्टाच नाही, मग क्लिप लावायची कशाला? शिवाय तिच्या ऑफिसचा नियम होता की पेशंटच्या घरात हत्यार नेलं तर त्याच दिवशी घरी बसायचं. हा नियम मला चुकीचा वाटत नव्हता. पण नियम करणाऱ्यांच्या मागे रँडल बसलेला नव्हता.

त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. डेल्मरनं टेबलावर दोन क्लिपा मांडल्या होत्या. पहिली रुंद पोलादी, पट्ट्याखाली अडकणारी. ती ट्रेसानं बोटानं बाजूला सारली. दुसरी दाबून बंद करायची, टक् असा आवाज करून कापड खेकड्यासारखी धरून ठेवणारी. ती लावून ट्रेसा आरशासमोर उभी राहिली, सदरा खाली ओढला, एका बाजूला वळली.

"डॅडी, कमरेवर गळू आल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे. सुटणार नाही."

"मी माणसांना मिठी मारून उचलते, डॅडी. म्हाताऱ्या बायका माझ्या कमरेला धरून संडासात जातात. एकीच्या हाताला लागलं की संध्याकाळपर्यंत ऑफिसात पोचेल. मग काय करू? रँडलच्या दारात जाऊन उभी राहू, 'घे बाबा मला परत' म्हणून?"

डेल्मरनं दुसरी क्लिपही बाजूला ठेवली. मग तिच्या मनगटाकडे बघत म्हणाला, "दोन आठवडे दे."

त्या दोन आठवड्यांत त्यानं स्वतःच्या हातानं एक क्लिप वाकवली. अंगठ्याएवढी, पातळ, स्प्रिंगच्या पोलादाची. आतल्या बाजूला एक बारीक दात, तो विजारीच्या कापडात रुतायचा. बाहेरून दिसायची ती फक्त सुईएवढी रेघ. इतकं सुबक काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. गावातल्या दुकानातून तो नर्सची एक नवीकोरी विजार घेऊन आला, ती आपल्या पँटवर चढवली आणि मोजायला लागला. तो अवतार बघून मी हसून हसून बेजार झाले.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "डेल्मर, हे कापड नवं आहे, खळ आहे त्यात. तिच्या विजारी धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारख्या झाल्यात. तिची एखादी जुनी माग."

तो कानापर्यंत लाल झाला. "लेकीची वापरलेली विजार मी कमरेला चढवू? नेव्हा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

आमच्या चर्चची माणसं अशीच. बायका एका बाकावर, पुरुष दुसऱ्या. मुलीचे कपडे वाळत असले तर बाप त्या दोरीकडे बघणार नाही. मी म्हणू शकले असते, 'आण, मी चढवते.' म्हटलं नाही. मला घरी जायची घाई होती, चुलीवर बीन्स ठेवलेल्या होत्या. चाळीस वेळा उपसून झालं, चाळीस वेळा वाकून झालं, क्लिप तसूभर हलली नाही.

आठ दिवसांनी ट्रेसा दुकानात आली, माझ्यासमोर गोल फिरली आणि म्हणाली, "सांग बघू कुठंय?" मला दिसलं नाही. "डॅडी, अंगावर आहे हेच कळत नाही गं मला!" उत्साहात ती मलाच डॅडी म्हणाली. डेल्मर पाठमोरा उभा राहून उगाच हत्यारं पुसत होता, पण त्याचे कान हसत होते. पुढच्या वर्षभरात शाळेतल्या बाया, बँकेतल्या बाया, लांबलांबच्या नर्सा, तीस-पस्तीस जणींनी ती क्लिप मागवली. सगळ्यांची तारीफ एकच, अंगावर आहे हे कळत नाही.

आता हॉबर्ट स्लोनबद्दल. हॉबर्ट आणि डेल्मर एकाच वर्षी खाणीत उतरले. डेल्मर पाठ मोडून लवकर बाहेर पडला, हॉबर्ट तीस वर्षं राहिला आणि छातीत कोळसा घेऊन बाहेर आला. नाकाला नळी, खिडकीपाशी आरामखुर्ची, आणि खुर्चीपासून संडासापर्यंतचा प्रवास म्हणजे त्याचा दिवस. मागच्या हिवाळ्यात तो जेवेनासा झाला. बायकोला, आयसीला, म्हणाला की आपण गेलो तर तिला निदान सलग झोप मिळेल.

आमच्याकडे अशा वेळी काय करायचं हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आयसीनं घरातल्या सगळ्या बंदुका गोधडीत गुंडाळल्या आणि डेल्मरकडे आणून दिल्या. "तेलपाणी करायचंय," एवढंच म्हणाली. डेल्मर म्हणाला, "असू दे, वेळ लागेल." त्यानं त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. माणसाचं मन खाली गेलं की त्याच्या बंदुकांना तेलपाणी लागतं, आणि त्याचं मन वर आलं की ते होतं.

हॉबर्ट काही खुळा नव्हता. दर रविवारी चर्चनंतर डेल्मर त्याच्याकडे जाऊन बसायचा. हॉबर्ट एका श्वासात चार शब्द, दुसऱ्या श्वासात चार, असं बोलायचा.

"काय रे, झालं का तेलपाणी?"

"थोडं राहिलंय."

"सात महिने? एवढ्या तेलात... गावजेवणाचे मासे... तळून झाले असते."

"माशांना घाई असते. तुला कसली आहे?"

मग दोघं हसायचे, आणि हॉबर्टचं हसणं खोकल्यात जायचं, आणि डेल्मर त्याच्या पाठीवर हात ठेवून थांबायचा. परत दुकानात आला की मला सांगायचा, "आज उठून नाचला असता तो, इतका खुशीत होता." त्या सात महिन्यांत त्याला दुसरा विषय नव्हता. हॉबर्टला येत्या हिवाळ्याच्या पार न्यायचं, एवढं एकच त्यानं मनात धरलं होतं.

उन्हाळ्यात हॉबर्टच्या घरची पाळी ट्रेसाला लागली. डेल्मरला बरं वाटलं, घरचंच माणूस म्हणून. तिच्या कमरेला काय आहे याचा विचार त्याच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. ती गोष्ट इतकी छान लपली होती की आम्हीही ती विसरलो होतो.

एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला ट्रेसानं हॉबर्टला दोन्ही काखांत धरून उभं केलं, त्याची चादर बदलली, परत खुर्चीत बसवलं. बसवताना त्याचा सगळा भार तिच्या कमरेवर आला. झिजलेल्या कापडातून दात निसटला आणि म्यानासकट पिस्तूल खुर्चीच्या बाजूच्या फटीत गेलं. तिला कळलं नाही. अंगावर आहे हे कळत नव्हतं, तसं नाही हेही कळलं नाही. तिनं हॉबर्टच्या कपाळाला हात लावला, मंगळवारी येते म्हणाली आणि निघाली.

पुढच्या घराच्या पायरीवर तिचा हात सवयीनं कमरेकडे गेला. तिथून ती गाडी कशी परत घेऊन आली ते तिला आठवत नाही. आयसी परसात कपडे वाळत घालत होती. ट्रेसा अंगणात पोचली तेव्हा आयसी ओला टॉवेल हातात धरून घराच्या दाराकडे बघत उभी होती. तिनं नुकताच आवाज ऐकला होता. ती आत गेली नव्हती. ट्रेसा गेली.

मी यावर आणखी काही लिहिणार नाही.

पोलिसातल्या डेप्युटीनं निष्काळजीपणा असं लिहिलं. ऑफिसनं ट्रेसाला त्याच दुपारी काढून टाकलं. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. 'पिस्तूल काय रुमाल आहे, विसरून यायला?' गावातल्या दुकानात दूध घेताना मी हे माझ्या कानांनी ऐकलं आणि बोलणाऱ्या बाईच्या तोंडावर सांगितलं की तुझी जीभ मात्र तू कुठंच विसरत नाहीस. पण किती तोंडं बंद करणार? ट्रेसानं स्वतःच स्वतःला त्याहून वाईट म्हटलं होतं; क्लिप आपणच नीट लावली नसणार, असं तिनं धरलं होतं. त्या दिवशीचे कपडे आणि आपल्या सगळ्या नर्सच्या विजारी तिनं परसातल्या पिंपात जाळल्या आणि खोलीत जाऊन बसली.

डेल्मरला सगळं कधी उमगलं ते मी पाहिलं. डेप्युटी ते होल्स्टर पिशवीत घालून ओळख पटवायला घेऊन आला होता. डेल्मरनं पिशवीवरूनच क्लिप बघितली. सरळ होती, वाकलेली नव्हती. दातात निळा धागासुद्धा नव्हता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू म्हणाली होतीस." मग डेप्युटीला म्हणाला, "लिहून घे. चूक पोरीची नाही. क्लिपनं सोडलं. क्लिप मी केली, आणि नीट पारखली नाही."

"डेल्मर," डेप्युटी म्हणाला, त्याचंही होल्स्टर आमच्याच दुकानातलं होतं, "क्लिपचं नाव लिहायला कागदावर जागा नसते रे." आणि पिशवी घेऊन गेला.

डेल्मरनं त्या तीस-पस्तीस जणींना पत्रं लिहिली. ही क्लिप वापरू नका, जुन्या कापडावर धरत नाही, परत पाठवा, दुसरी पाठवतो. चौघींनी परत पाठवली. बाकीच्यांनी कळवलं की आमची उत्तम आहे, काळजी नसावी. एकीनं बहिणीसाठी आणखी दोन मागवल्या. ते पत्र त्यानं मला वाचायला दिलं आणि मी ते फाडून टाकलं.

हॉबर्टचं दफन झाल्यावर डेल्मर आयसीकडे गेला. मीही बरोबर होते, हॅम आणि मक्याचा ब्रेड घेऊन. तिनं भांडं घेतलं, झाकण उघडून बघितलं, ठेवलं. डेल्मरनं टोपी काढून सगळं सांगितलं. विजारीचं, दाताचं, लाजेचं. आयसी शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "डेल्मर, मी त्याला सात महिने चमच्यानं भरवलं. आता मला हे ऐकायला लावू नकोस. घरी जा."

ऑक्टोबर लागेपर्यंत ट्रेसा वाळून अर्धी झाली होती. ती पिस्तूल जवळ ठेवत नव्हती, रँडल आता थेट समोरच्या कुंपणापाशी गाडी लावत होता, आणि ती खिडकीचा पडदासुद्धा ओढत नव्हती. डेल्मर मला म्हणाला, "तिला एवढं पटलं ना की चूक तिची नव्हती, तर ती उठेल. मग बाकीचं मी बघतो." त्याला आता दुसरं काही नको होतं.

रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. तिनं कॉफी केली होती, स्वतः घेतली नव्हती. डेल्मरनं सरळ विषय काढला. "ट्रेसा, ते तू विसरली नाहीस. क्लिपनं सोडलं."

"बरं डॅडी."

"बरं नाही. मी दाखवतो तुला."

त्यानं बरोबर एक पिशवी आणली होती. आत तशीच क्लिप, तसंच म्यान, तसलंच रिकामं पिस्तूल, आणि ती गावातल्या दुकानातून आणलेली नवीकोरी विजार. दुसरी कुठून आणणार? तिच्या सगळ्या जळून गेल्या होत्या. मी म्हटलं, "डेल्मर, थांब." त्यानं ऐकलं नाही. पँटवर विजार चढवली, क्लिप लावली, फरशीकडे वाकला. क्लिप तशीच राहिली. पुन्हा वाकला, तशीच. तो खुर्ची मिठीत धरून उचलायला लागला, जशी ती हॉबर्टला उचलायची तशी. उचलायची, ठेवायची. मोडक्या पाठीचा सदुसष्ट वर्षांचा माणूस, कपाळावरून घाम गळतोय, आणि तोंडानं चाललंय, "आता बघ. आता निसटेल. बघत राहा." क्लिप निसटली नाही. त्यानं हातानं विजारीची कड ताणली, अंगाला झटके दिले. त्याच्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम जागचं हललं नाही.

"कापड नवं आहे, ट्रेसा," मी म्हटलं. "तुझं झिजलेलं होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला, जुनं घेऊन बघ म्हणून. देवाशपथ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मग ती उठली, बापाच्या हातातली खुर्ची काढून घेतली, त्याला तिच्यावर बसवलं आणि ओट्यावरच्या फडक्यानं त्याचा घाम पुसला.

"डॅडी, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "तू कधी बोलला नाहीस. आता या वयात नको."

"पोरी, मी खोटं..."

"कळलं मला. तू किती जीव लावतोस ते कळलं." तिनं त्याच्या डोक्यावर ओठ टेकले, आत गेली आणि दार लावून घेतलं.

डेल्मर ती निळी विजार घालून तसाच बसून राहिला. मी त्याच्यासमोर बसले. आम्ही दोघांनी खरं तेच सांगितलं होतं, आणि आता तिला सांगायला आमच्याकडे आणखी काही उरलं नव्हतं.